थेंबेबाईंची ओली वाफ

थेंबेबाईंना कुणी विचारलं, की तुम्ही कारखान्यात नेमकं काय करता, तर त्या आधी समोरच्याकडे नीट बघत. माणूस नुसता वेळ घालवायला विचारत असेल तर "कॉम्प्युटरवर असते" एवढं सांगून मोकळ्या होत. पण त्याला खरंच ऐकायचं असेल, तर मग त्याची सुटका नसे. एकदा दातांच्या डॉक्टरांनी त्यांच्या तोंडात आरसा घालता घालता हा प्रश्न विचारला. बाईंनी आरसा बाजूला सारला, खुर्चीत उठून बसल्या आणि ओली वाफ समजावून सांगायला लागल्या. बाहेर पेशंट ताटकळले. डॉक्टर मात्र दात विसरून ऐकत राहिले.

ओली वाफ म्हणजे काय ते आपणही इथंच उरकून घेऊ, कारण पुढची सगळी गोष्ट तिच्याभोवती आहे. वीज केंद्रात पाणी उकळून वाफ करतात आणि ती टर्बाइनमधून सोडतात. टर्बाइन म्हणजे एका लांब दांड्याभोवतीची पात्यांची चक्रं. एक चक्र जागेवर घट्ट बसवलेलं, त्यापुढचं फिरतं, पुन्हा एक घट्ट, पुन्हा एक फिरतं. घट्ट पाती वाफेला वळण लावतात, फिरती पाती तिच्याकडून काम करून घेतात. काम करता करता वाफ पसरते, थंड होते, आणि शेवटच्या चक्रापाशी येईपर्यंत तिच्यात धुकं धरतं. ही ओली वाफ. त्या धुक्यातला एक थेंब केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्शाएवढा. तो एकटा कुणाचं काही वाकडं करत नाही. पण असे थेंब घट्ट पात्यांना चिकटतात, त्यांचा ओघळ होतो, ओघळ पात्याच्या मागच्या कडेवरून सुटतो, आणि त्या जाडजूड थेंबांवर पुढचं फिरतं पातं बंदुकीच्या गोळीच्या वेगानं जाऊन आदळतं. पातं पोलादाचं असलं म्हणून काय झालं, वर्ष-दोन वर्षांत त्याची कड उंदरानं कुरतडल्यासारखी होते.

बरं, हे धुकं नेमकं कुठं धरतं ते डोळ्यांनी बघायची सोय नाही. फिरत्या टर्बाइनमध्ये कोण डोकं घालणार? म्हणून ते गणितानं काढायचं, कॉम्प्युटरवर. त्यात पुन्हा वाफेचा स्वभाव आडमुठा. जिथं तिचं पाणी व्हायला हवं तिथं ते होत नाही. थंड झाली तरी ती कोरडीच राहते, हट्ट धरून बसते, आणि मग एकाएकी कोट्यवधी थेंबांना जन्म देते. ती जागा हुडकायची आणि ते थेंब मोजायचे, हे बाईंचं काम. म्हणून त्या थेंबेबाई. हे नाव भांडारातल्या कारकुनानं कुचेष्टेनं ठेवलं होतं. बाईंनी ते असं काही मिरवलं, की कारकुनाची सगळी मजाच गेली.

बाईंचा विभाग म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची एक खोली. कॉम्प्युटरांना थंडावा लागतो म्हणून तिथं बारा महिने गारठा. बाई स्वेटर घालून बसत, आणि शेजारी त्यांचा सहकारी बसे तो कानटोपी घालून. त्याला सगळे जाळीवाला म्हणत. पात्यांमधल्या मोकळ्या जागेचे कॉम्प्युटरवर लाखो बारीक चौकोन पाडायचे, म्हणजे जाळी विणायची, आणि मग एकेका चौकोनात वाफेचं काय होतं ते काढायचं, अशी ही पद्धत. जाळी तो विणे, वाफ बाई सोडत. ज्या प्रोग्रामवर हे सगळं चाले तो बाईंनी लग्नाआधी लिहायला घेतला होता. मुलगी कॉलेजात गेली तरी त्या तो लिहीतच होत्या.

त्या प्रोग्राममध्ये एक आकडा होता. त्याचं नाव जावई. किती थेंब जन्मतात ते सांगणारं जे पुस्तकी सूत्र आहे, त्याला या आकड्यानं गुणायचं. नुसत्या सूत्रानं धुकं फार उशिरा धरायचं आणि उत्तर चाचणीत मोजलेल्या दाबाशी जुळायचं नाही. म्हणून विभागाच्या मोठ्या साहेबांनी, त्यांच्या उमेदीच्या काळात, हा गुणाकार घातला. जन्मदर वाढला, धुकं अलीकडे आलं, दाब बरोब्बर जुळला. का जुळला ते कुणालाच माहीत नव्हतं. पण जावयाला कोण विचारणार, बाबा तू कमावतोस काय? तो आहे, घर सुरळीत चाललंय, त्याचा मान राखा, संपलं. नवीन टर्बाइन हातात आलं की आधी जावयाची मर्जी बघायची, त्याला थोडा वर-खाली करायचा, आणि दाब जुळला की विभागाच्या जिवात जीव यायचा.

असं सगळं गुण्यागोविंदानं चाललं असताना एका वीज केंद्राकडून लाकडी खोक्यातून पाती परत आली. शेवटच्या चक्राची, दोनच वर्षं चाललेली. टोकाकडची कड करवतीच्या दातांसारखी झालेली. खरं म्हणजे या टर्बाइनच्या घट्ट पात्यांना पाणी शोषून घेणाऱ्या फटी होत्या. पातं आतून पोकळ, त्याच्या अंगावर एक बारीक लांब फट. ओघळ आला की फटीतून आत ओढला जावा अशी योजना. फट कुठं पाडायची ते बाईंच्याच विभागानं काढून दिलं होतं, जावयासकट. आता खोकं उघडल्यावर बोलायला तोंड राहिलं नाही. वरिष्ठांच्या बैठकीत सोक्षमोक्ष लागला. बाहेरून तयार प्रोग्राम विकत घ्यायचा, हा विभाग बंद करायचा, जाळीवाल्याला नकाशांकडे टाकायचं आणि थेंबेबाईंना कोटेशन विभागात. फटींची एक चाचणी आधीपासून ठरलेली होती, ती होईपर्यंत काय ती मुदत.

मोठे साहेब हे सांगायला स्वतः जिना चढून वर आले. त्यांना बोलणं जड जाणार असलं की ते आधी पेपरमिंटची गोळी तोंडात टाकत.

"बाई, मी बोललो त्यांच्याशी," ते गोळी या गालातून त्या गालात नेत म्हणाले. "पण ती पाती टेबलावर ठेवल्यावर काय बोलणार माणूस?"

"आणि माझा प्रोग्राम?"

"तो जपून ठेवू ना. कुठं जाणार आहे?"

जपून ठेवू म्हणजे काय, हे कारखान्यात नोकरी केलेल्या कुणालाही कळतं. बाईंना रडू आलं नाही, संताप आला, आणि तो संध्याकाळपर्यंत उतरला नाही. कोटेशन विभागात बसून टर्बाइनची किंमत आणि पोहोचवायची मुदत टाइप करायची, आणि वाफ बघायची ती फक्त चहाच्या कपावरची! त्यांनी त्या दिवशी चहासुद्धा घेतला नाही.

घरी वेगळंच प्रकरण वाट बघत होतं. बाईंची नणंद वरच्या मजल्यावर राहायची आणि जेवायला खाली यायची. बाई तिला वन्सं म्हणत. वन्सं त्याच कारखान्यात, चाचणी शेडच्या प्रमुख. शेडमध्ये एक छोटं टर्बाइन होतं, त्यात खरी वाफ सोडून मोजमापं घेत. दाब तर मोजतच, पण थेंबांचा आकारही मोजत. एक बोटभर जाडीची नळी पात्यांमध्ये सरकवायची, नळीच्या टोकाला इवलीशी काच, काचेतून उजेड सोडायचा आणि धुक्यातून किती पलीकडे पोचतो त्यावरून थेंब केवढा ते ठरवायचं. आणि इथंच वर्षानुवर्षांचं भांडण होतं. बाईंच्या विभागाचा थेंब जेवढा निघे, त्याच्या तिप्पट मोठा थेंब वन्संची काच दाखवी. कॉम्प्युटरवाले दर वेळी एकच शेरा मारत: दाब जुळतो, थेंब जुळत नाही, सबब काच मळलेली असावी.

त्या रात्रीच्या जेवणात भाताबरोबर तो शेरा परत निघाला.

"वहिनी, मी तुला कितीदा सांगू?" वन्सं ताट पुढं सारून म्हणाल्या. "काच मी स्वतःच्या हातानं पुसते. तिच्यावर गरम हवेचा फवारा आहे. एक थेंब टिकत नाही तिच्यावर."

"अहो वन्सं, पण आमचा दाब जुळतो ना! दाब बरोबर म्हणजे थेंब बरोबर. मग चुकतंय कोण?"

"म्हणजे तुझं जुळलं नाही की माझी काच मळकी. वा गं वा! आणि पाती कुरतडून आली तीही माझ्या काचेनंच कुरतडली का?"

हे वर्मी लागलं. बाईंचा घास हातात राहिला. बाईंचे यजमान चष्म्याचे दुकानदार, स्वभावानं थंड. बायको आणि बहीण एकाच कारखान्यात असल्यामुळे कारखान्याची अर्धी भांडणं त्यांच्या जेवणाच्या टेबलावर सुटत किंवा न सुटता पडून राहत. त्यांनी भाजी वाढून घेतली आणि म्हणाले, "तुम्ही दोघी ती काचच आणा की दुकानात. माझं पोट काचा बघण्यावर चालतं. एवढी वर्षं भांडताय, मला कुणी विचारलंच नाही."

खरंच कुणी विचारलं नव्हतं. पुढच्या नेहमीच्या चाचणीनंतर वन्संनी काच नळीतून काढली, न पुसता तशीच डबीत घातली आणि परवानगी घेऊन दुकानात आणली. बाईही आल्या. यजमानांनी गिऱ्हाइकाला दोन मिनिटं थांबवलं, काच भिंगाखाली धरली, फिरवली, पुन्हा फिरवली, दुसऱ्या यंत्रावर लावली. दोघी काउंटरवर वाकून उभ्या.

"काच निर्मळ आहे," ते म्हणाले. "डाग नाही, ओरखडा नाही, वाकडेपणा नाही. आता बघणाऱ्याची नजर तपासायची असेल तर खुर्चीत बस. घरच्यांना फुकट."

वन्संचा चेहरा असा फुलला, की गिऱ्हाईकसुद्धा हसलं. बाई मात्र हसल्या नाहीत. काच खरी, तर थेंब खरोखरच तिप्पट मोठा. थेंब मोठा, तर प्रोग्राम खोटा. आणि दाब जुळत होता तो जावयानं ओढूनताणून जुळवला म्हणून. आपलं घर इतकी वर्षं कुणाच्या भरवशावर उभं होतं, ते त्यांना दुकानातल्या त्या उंच स्टुलावर बसल्या बसल्या दिसलं.

"वन्सं, माझं चुकलं," त्या म्हणाल्या.

"ते राहू दे गं. थेंब मोठे का आहेत ते शोध आधी."

दुसऱ्या दिवशी बाई स्वेटर खोलीत काढून ठेवून चाचणी शेडमध्ये गेल्या. तिथला आवाज असा, की कानांवर टोप्या चढवल्याशिवाय उभं राहता येत नाही. नियंत्रण खोलीत काचेआड बसून त्यांनी वन्संना एक साधा प्रश्न विचारला, जो आजवर कुणी विचारला नव्हता: नळीतून येणारा उजेड पडद्यावर दिसतो कसा?

"थरथरतो. कधीच एका जागी नसतो."

"आम्हाला तर एकच आकडा मिळतो."

"कारण तुम्ही एकच मागता. तुमचा निरोप ठरलेला, सरासरी पाठवा. मी पाठवते."

"अहो, मग थरथरतो हे सांगायचं नाही का आम्हाला?"

"सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, काच हलतेय."

बाईंनी मागच्या चाचण्यांतली सगळी थरथर मागून घेतली आणि खोलीत येऊन पडद्यावर मांडली. जाळीवालाही खुर्ची ओढून बसला. बघता बघता दोघांच्याही लक्षात आलं, की ती वेडीवाकडी थरथर नाही. तिला ठेका आहे, आणि तो ठेका अलीकडच्या फिरत्या पात्यांचा आहे. एक पातं गेलं की दाट धुकं, मग विरळ, पुन्हा दाट. धुकं सगळीकडे सारखं नव्हतंच. ते पुंजक्या-पुंजक्यानं येत होतं.

आता बाईंच्या डोक्यात दिवा लागला. पात्याला घासून गेलेली वाफ जराशी गरम राहते, पात्यांच्या मधून सुळकन निघून गेलेली जास्त थंड होते. पुढचं चक्र त्या दोन्हींचे तुकडे करतं, त्यापुढचं आणखी तुकडे करतं, आणि शेवटी पोचेपर्यंत वाफेच्या प्रत्येक पुंजक्याची कहाणी निराळी झालेली असते. जो थंड, तो आधी भिजतो, आणि त्याचे थेंब वाटभर वाढत येतात. बाईंचा प्रोग्राम दर चक्रानंतर सगळ्या वाफेची सरासरी काढून तिला एकाच मापाची करून टाकत होता. मग धुकं उशिरा धरणारच. त्याला अलीकडे ओढायला जावई आला, त्यानं थेंबांची संख्या भरमसाट वाढवली, आणि पाणी तेवढंच, वाटेकरी जास्त, म्हणून थेंब झाले बारीक. सगळा घोळ सरासरीनं केला होता. या सरासरीनं शाळेपासून माणसांचंही कमी नुकसान केलेलं नाही, पण तो विषय वेगळा.

कळणं सोपं होतं, करणं महाकठीण. एकेका पुंजक्याचा माग पहिल्या चक्रापासून शेवटच्यापर्यंत काढायचा म्हणजे गणित अवाढव्य झालं. बाईंनी जावयाला बाहेर काढलं, सरासरी बाहेर काढली, आणि प्रोग्राम पहिल्याच फेरीत कोसळला. दुसऱ्यांदा वाफेचं तापमान बर्फाच्याही खाली गेलं. तिसऱ्यांदा थेंब टर्बाइनपेक्षा मोठा निघाला. जाळीवाल्याला हसू आवरेना आणि बाईंना चूक सापडेना. आठवडेच्या आठवडे असे गेले. बाईंना स्वयंपाक करताना पुंजके दिसत, मुलीशी फोनवर बोलताना पुंजके दिसत. यजमान एकदा म्हणाले, "मी समोर बसलोय, मी पुंजका नाही." मशीन इतकी राबली, की खोलीतला गारठा पळाला आणि जाळीवाल्यानं नोकरीत पहिल्यांदाच कानटोपी काढली. त्याला टक्कल आहे हे बाईंना तेव्हा कळलं.

शेवटी एका शनिवारी त्यांनी गणित लावून ठेवलं आणि सोमवारी सकाळी पर्ससुद्धा खाली न ठेवता पडदा उघडला. दाबाची रेघ मोजलेल्या ठिपक्यांवरून चालली होती, एकेका ठिपक्याला शिवून, जावयाशिवाय. त्यांनी खाली थेंबाचा आकार बघितला. वन्संच्या काचेनं दाखवला होता त्याच्या जवळ, अगदी खेटून.

बाई जिना उतरून धावत सुटल्या. अंगात स्वेटर, खांद्याला पर्स, डोक्यावर ऊन, आणि पन्नाशीला आलेली बाई कारखान्याच्या आवारातून पळतेय हे बघून सुरक्षारक्षकाला वाटलं, कुठं तरी आग लागली. शेडमध्ये शिरून त्यांनी वन्संच्या कानावरची टोपी उचलली आणि त्या वाफेच्या गोंगाटात ओरडल्या, "तुमची काच खरी!"

"ते मला माहीत आहे!" वन्संही ओरडल्या, पण त्यांचे डोळे भरले होते.

आता पुढचा हिशोब आपसूक उलगडला. लहान थेंब वाफेबरोबर वळतो. तिप्पट मोठा थेंब नऊपट हट्टी असतो, तो वळत नाही, सरळ जाऊन पात्याच्या खोलगट, वाटीसारख्या बाजूवर आपटतो, मागच्या कडेकडे. ओघळ तिथं. फट मात्र आजवर दुसऱ्या अंगाला, पुढच्या नाकाशी पाडली जात होती. पाणी एका दारानं जात होतं आणि हे लोक दुसऱ्या दाराशी पातेलं धरून उभे.

बाई रेघांचे कागद घेऊन मोठ्या साहेबांकडे गेल्या. साहेबांनी गोळी तोंडात टाकली नाही, हे बाईंच्या लक्षात आलं.

"जावयाला घराबाहेर काढलंत?"

"हो सर."

"आणि दाब?"

"जुळतो. त्याच्याशिवाय."

साहेबांनी त्या रेघेवरून टोकापर्यंत बोट फिरवलं. मग म्हणाले, "मी तो घातला ना, तेव्हा म्हटलं होतं, दोन महिन्यांपुरता ठेवू. मग वेळच झाला नाही." आणि लगेच पुढं, "बाहेरच्या प्रोग्रामनंही फट जुन्याच जागी दाखवली आहे, बाई. वरचे लोक त्याच्यावर ठाम आहेत. मी एवढं करू शकतो. चक्र एकच, अर्ध्या पात्यांना फट जुन्या जागी, अर्ध्यांना तुमच्या. दोन्हींचं पाणी दोन वेगळ्या टाक्यांत. ज्याचं पाणी जास्त, त्याचं खरं. तुमची टाकी कोरडी राहिली तर मात्र मला पुढं बोलायला जागा नाही."

बाईंनी मान डोलावली आणि आपल्या बाजूला मोठी टाकी मागितली. भांडारातल्या कारकुनानं जुन्याच मापाच्या दोन टाक्या पाठवल्या. "आधी पाणी तर येऊ दे," म्हणाला.

चाचणीच्या सकाळी नियंत्रण खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. दोन वरिष्ठ, मोठे साहेब, जाळीवाला, आणि बाहेरच्या कंपनीचा विक्रेता, कडक इस्त्रीच्या शर्टात. बाई कोपऱ्यात उभ्या राहिल्या. टर्बाइनच्या पोटात हवा नसते, म्हणून टाक्या पक्क्या बंद. पाणी किती चढलं ते बाजूच्या काचेच्या नळीत बघायचं. वन्संनी वाफ सोडली. टर्बाइन वेगात आलं. दोन्ही नळ्या कोरड्या.

"अजून वाफ गरम आहे," बाई म्हणाल्या. "तापमान उतरू द्या."

वन्संनी तापमान उतरवायला सुरुवात केली, सावकाश, टप्प्याटप्प्यानं. आणि जुन्या फटीच्या टाकीत पाणी दिसलं. थोडंसंच, पण दिसलं. विक्रेत्यानं नळीकडे बोट दाखवलं, दाखवायची गरज नव्हती तरी. बाईंची टाकी कोरडी.

बाईंनी टेबलाची कड धरली. कोटेशन विभागातलं खिडकीजवळचं टेबल त्यांच्या डोळ्यांपुढं आलं. पण त्याच वेळी डोक्यातलं गणित चालूच होतं, ते काही घाबरलं नव्हतं. धुकं नुकतंच धरलंय. थेंब अजून बाळ आहेत, वाफेबरोबर वळतायत, म्हणून पुढच्या नाकाशीच चिकटतायत. वाढू दे त्यांना.

"थांबू या का आता?" एक वरिष्ठ म्हणाले.

"नाही," बाई म्हणाल्या. आवाज इतका मोठा निघाला, की त्यांच्या त्याच दचकल्या. "वन्सं, अजून उतरवा. ठरल्या खुणेपर्यंत."

कारखान्यात त्यांनी नणंदेला वन्सं अशी हाक कधी मारली नव्हती. वन्संनी वळूनसुद्धा बघितलं नाही, नुसतं चाक फिरवलं.

बाईंच्या नळीच्या तळाशी काही तरी चमकलं. मग पाण्याची पातळी दिसली. मग ती वर सरकली, आणि सरकतच राहिली. जुनी टाकी होती तिथंच रेंगाळली. बाईंची अर्धी झाली, पाऊण झाली. जाळीवाला मोठमोठ्यानं खुणा वाचत होता, कुणी सांगितलं नसताना. विक्रेत्यानं बोट केव्हाच खाली घेतलं होतं. पाणी वरच्या खुणेला लागलं आणि भोंगा वाजायला लागला, टाकी भरल्याचा. असा कर्कश भोंगा, की मोठ्या साहेबांनी कान झाकले. आणि बाई त्या भोंग्यात खदखदून हसत होत्या.

"बंद करावं लागेल!" वन्सं ओरडल्या. "टाकी लहान पडली! भांडारवाल्याला बोलवा कुणी तरी, त्याला दाखवा हे!"

दुसऱ्या दिवशी मोठी टाकी बसवून चाचणी पुन्हा झाली. बाईंनी पाण्याचा आकडा आदल्या रात्री सगळ्यांच्या देखत फळ्यावर लिहून ठेवला होता. पाणी मोजलं गेलं आणि वन्संनी मोजलेला आकडा त्याच्या खाली लिहिला. दोघांत फरक होता, पण तो इतका किरकोळ, की वरिष्ठांनी चष्मा काढून पुन्हा घातला. विक्रेता चहा न घेताच गेला.

वरिष्ठांना फार बोलायचं नव्हतं. "खरेदी रद्द," एक जण म्हणाले. "विभाग राहील. आणि साहेब, या बाईंना अजून दोन माणसं द्या."

मोठ्या साहेबांनी नव्या पात्याचा नकाशा टेबलावर पसरला, वीज केंद्राच्या खऱ्या टर्बाइनचा. खोलगट बाजूला, मागच्या कडेकडे फट काढलेली. नकाशाच्या कोपऱ्यात सह्यांच्या चौकटी असतात. त्यातली गणिताची चौकट इतकी वर्षं साहेबांची होती. त्यांनी खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं, आणि बाईंच्या पुढं धरलं.

"सर, ही सही तुमची असते."

"असायची," साहेब म्हणाले. "माझ्या सहीची पाती खोक्यातून परत आली, बाई. आता तुम्ही करा."

बाईंनी पेन घेतलं.

"नीट कर गं वहिनी," वन्सं खांद्यावरून डोकावत म्हणाल्या. "कागदावर राहणार नाही ती. पोलादात उतरायचीय."

बाईंनी सही केली, ठसठशीत, चौकटीच्या थोडी बाहेर गेलेली. मग त्यांनी पेनाचं टोपण लावलं, साहेबांना परत दिलं, आणि नणंदेला भर नियंत्रण खोलीत घट्ट मिठी मारली. जाळीवाला टाळ्या वाजवायला लागला. आयुष्यात इतका आनंद त्यांना फार थोड्या वेळा झाला होता, आणि तो लपवायचा त्यांनी अजिबात प्रयत्न केला नाही. काचेपलीकडे टर्बाइन अजून फिरत होतं, आणि मोठ्या टाकीत पाणी पडतच होतं.